सन १२५७ चा टोपीवाला

मी एक लेख बोलतोय. छापून आलेल्या लेखाला असं बोलावं लागत नाही, लोक त्याला वाचतात. माझ्यासारख्या परत आलेल्या लेखाकडं कोण बघणार? म्हणून म्हटलं, आपणच तोंड उघडावं.

आज बोलतोय खरा, पण एरवी माझी मोठी पंचाईत आहे. माझ्या अंगावर जेवढं लिहिलंय तेवढंच मला सांगता येतं. लिहिणाऱ्याच्या मनात जे राहून गेलं, ते मला ठाऊक असलं तरी उपयोग नाही. एक शब्द कमी पडला, तर तो पदरचा घालायची मला सोय नाही. ही पंचाईत मला फार महागात पडली. मला म्हणण्यापेक्षा, मला लिहिणाऱ्या मास्तरांना.

माझा जन्म मुरूमचा. मुरूम तेव्हा निजामाच्या राज्यात, जिल्हा उस्मानाबाद. तिकडं विलायतेत मोठी लढाई चालू होती आणि इकडं चांगला कागद मिळणं दुरापास्त झालं होतं. फकरुद्दीन मास्तर तिथल्या सरकारी मदरशात ड्रॉइंग शिकवायचे. मदरसा म्हणजे आपली शाळाच, फक्त शिकवणं सगळं उर्दूत. मास्तर घरी दखनी बोलायचे, पेठेत मराठी बोलायचे, आणि लिहायचे उर्दू. मराठी लिहायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पाट्या वाचून, जुनी मासिकं चाळून ते स्वतःच बाळबोध शिकले. त्यामुळं त्यांची अक्षरं एकेक सुटी, जपून मांडल्यासारखी यायची. मला ती फार आवडायची.

मुरूमहून सायकलवर जाऊन यावं एवढ्या अंतरावर एक खेडं आहे. तिथं लिंगायतांचा जुना मठ, आणि मठाच्या आतल्या भिंतींवर चित्रं. मास्तर तिथं पहिल्यांदा गेले ते सायकलची हवा गेली म्हणून. पंक्चर निघेपर्यंत सावलीला बसावं म्हणून आत शिरले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलेच नाहीत.

काय नव्हतं त्या भिंतींवर! अंबारीचा हत्ती होता. कुस्तीतले दोन मल्ल होते, आणि दोघांच्याही मिशा अगदी एकसारख्या. एका मुनिमाचं धोतर कुत्रं ओढत होतं आणि मुनीम एका हातानं पागोटं सावरत होता. सगळ्यांत झकास म्हणजे एक टोपीवाला साहेब. उंच टोपी, तंग विजार, खांद्यावर बंदूक, आणि बंदुकीच्या नळीवर खुशाल एक पोपट बसलेला. सगळ्या चित्रांखाली एक ओळ होती, ‘सन १२५७. धुळाप्पा जिनगराने काढिले.’

मठाची झाडलोट करायला सारजाबाई नावाची म्हातारी होती. ती केरसुणी टेकवून त्या साहेबाला रोज विचारायची, “काय सायेब, उतरला का न्हाय तुमचा राघू?” मास्तरांना हे ऐकून एवढा आनंद झाला की त्यांनी तो प्रश्न उर्दूत टिपून घेतला.

मग मास्तर दर जुम्म्याला, मदरशाला सुट्टी असली की, तिथं जाऊ लागले. नमाज आटोपून सायकल काढायची ती थेट मठाकडं. पातळ कागदावर एकेक चित्र उतरवून घ्यायचे. मठाचे पंच वीरप्पा दारात बसून बघायचे. एके दिवशी ते म्हणाले, “मास्तर, काय उतरवायचं ते बिगीनं उतरवून घ्या. श्रावणात मोठे स्वामी मुक्कामाला येणार हायत. त्याच्या आत सगळ्या मठाला चुना काढायचा ठरलाय.”

“ह्या भिंतींना बी?” मास्तरांनी विचारलं.

“ह्याच तर लई काळ्या पडल्यात. धूर धरलाय नुसता.”

“वीरप्पा, असलं काम आता कोन करणार न्हाय हो. आख्ख्या जिल्ह्यात असला साहेब न्हाय.”

वीरप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांनी बराच वेळ भिंतीकडं पाहिलं. “मला पटतंय वो मास्तर. पन पंच पाच हायत, म्या एकटा न्हाय. त्यास्नी काय दाखवू? उद्या पुन्या-मुंबैच्या पुस्तकात मठाचं नाव येणार असं कुनी लिहून दिलं, तर तो कागुद म्या पंचांपुढं टाकतो. मग चुन्याचं डबडं कोन उचलतंय ते बगतो. छापून यायला येळ लागंना का, नुसतं ‘छापतो’ म्हनून कागुद आला तरी बास. पन श्रावणाच्या आत.”

एवढ्यासाठी माझा जन्म झाला. माझ्यावर एका साहेबाचा, एका हत्तीचा, दोन मल्लांचा आणि एका कुत्र्याचा जीव टांगलेला होता. एवढं ओझं कुठल्या लेखावर असतं मला ठाऊक नाही. मला तरी ते पहिल्या ओळीपासून जाणवत होतं.

पुण्याहून कलेवरचं एक त्रैमासिक निघायचं. सोलापूरच्या वाचनालयातून मास्तरांनी त्याचा एक अंक आणला. त्याच्या शेवटच्या पानावर लेखकांसाठी नियम होते. मास्तर म्हणजे नियमांचे भोक्ते. त्यांनी ते पान भिंतीला लावलं आणि एकेक नियम पाळत मला घडवलं.

लेख कागदाच्या एकाच बाजूला लिहावा. डावीकडे रुंद समास सोडावा. टिपा शेवटी द्याव्यात. चित्रे काळ्या शाईत, जाड कागदावर, स्वतंत्र जोडावीत. छपाईचे ब्लॉक करताना अडचण होते म्हणून चित्रांवर नाव-गाव काहीही लिहू नये. लेख परत हवा असल्यास पत्ता लिहिलेले, तिकिटे लावलेले पाकीट सोबत ठेवावे. निर्णय कळेपर्यंत पत्रव्यवहार करू नये.

एका बाजूला लिहायच्या नियमावरून घरात वाद झाला. खैरुनबी म्हणजे मास्तरांची बायको. तिनं मला उलटंपालटं करून पाहिलं. “ये क्या जी, पीछू पूरा कोराच छोड दिए? कागज मिलता नहीं, और तुम नवाबी कर रहे!”

“क़ायदा है उनका,” मास्तर म्हणाले.

“पढनेवालों का क़ायदा ऐसाच रहता,” असं पुटपुटत ती गेली. पण सोलापूरला जाणाऱ्या एका शेजाऱ्याकडून आणखी जाड कागद तिनंच मागवून घेतला. त्या जाड कागदावर मास्तरांनी शाईनं चित्रं उतरवली. माझी भावंडंच ती! मास्तर त्यांना क्रमांक द्यायचे तेसुद्धा वेगळ्या चिठ्ठीवर, चित्रावर नाही.

लेख तयार झाला, पण भाषेची मास्तरांना धास्ती होती. पुण्याची माणसं वाचणार! म्हणून त्यांनी मला गुरुलिंग जंगमांकडं नेलं. गुरुलिंग त्यांचे जुने दोस्त. पुराण सांगायचे, आणि शुद्ध मराठीचा त्यांना भारी शौक. बोलायचे मात्र तुमच्या-आमच्यासारखंच.

गुरुलिंगांनी लाल पेन्सिल काढली. “मास्तर, हे ‘लई’ काढा बरं. पुन्यात ‘लई’ चालत न्हाय.”

“काढा.”

“आन हे काय लिवलंय? ‘ही चित्रं लई जुनी, आमच्या पणज्याच्या वेळची आहेत.’ शास्त्रीय लेखात पणजा कशापायी आनता? तिथं ‘अत्यंत प्राचीन’ असं पायजे. वजन येतं.”

“पणजा खराच होता पन,” मास्तर म्हणाले. “माझ्या पणज्यानं धुळाप्पाला बघितलं व्हतं म्हनं.”

“आसंल. त्यो तुमच्या घरात राहू द्या. लेखात नको.”

अशा रीतीनं मास्तरांच्या पणजोबांना माझ्यातून बाहेर काढण्यात आलं आणि त्यांच्या जागी ‘अत्यंत प्राचीन’ येऊन बसलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, खरं तर ऐट वाटली. गुरुलिंगांनी मला शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा वाचलं, एकेक ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. ‘सन १२५७’ वरून त्यांची पेन्सिल सरळ पुढं गेली. त्यात सुधारण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. मुरूममध्ये कुणालाच दिसलं नसतं.

मास्तरांनी मला पुन्हा स्वच्छ लिहून काढलं. परतीचं पाकीटही तयार केलं. त्यावर मुरूमच्या पोस्टातली, निजाम सरकारची सुंदर तिकिटं लावली. येताना आपल्याच मुलखात यायचं आहे, मग तिकिटं आपलीच लागणार, असा त्यांचा हिशेब.

मला रवाना करायला मास्तर स्वतः सोलापूरला गेले. सोलापूर इंग्रजांकडं, तिथून टाकलेलं टपाल लवकर जातं असा त्यांचा विश्वास. सर्व्हिस मोटार नळदुर्गला थांबली, पुढं हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीला, थांबली. नाक्यावरच्या शिपायानं माझं पुडकं दाबून पाहिलं.

“काय हाय ह्यात? कापड?”

“लेख आहे. आणि चित्रं.”

“ईकायला चालवलीत?”

“छापायला.”

शिपायाला हे जकातीत बसतं की नाही कळेना. शेवटी त्यानं टोपीवाल्याचं चित्र पाहिलं, खदाखदा हसला आणि सोडून दिलं. बंदुकीवरचा पोपट सगळ्यांनाच हसवायचा. सोलापूरच्या पोस्टात मास्तरांनी मला दोन्ही हातांनी पुढं केलं आणि मी खिडकीपलीकडं गेलो तरी ते तिथंच उभे राहिले.

पुण्यात मी एका टेबलावर जाऊन पडलो. सुरुवात तर फार छान झाली. संपादक चष्मा वर करून म्हणाले, “अक्षर बघा हो! नियम अगदी तंतोतंत पाळलेत.” मला एवढं बरं वाटलं! मग त्यांनी मला एका विद्वानांकडं पाठवलं. ते गृहस्थ कलेच्या इतिहासातले मोठे जाणकार. त्यांनी मला वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच पानावर थांबले.

“सन बाराशे सत्तावन्न?” ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी चौथं चित्र काढलं, साहेबाचं. एकदा चित्राकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि हसायला लागले ते थांबेचनात. आतून त्यांची बायको काय झालं म्हणून बघायला आली. “अगं, तेराव्या शतकात बंदूकवाला इंग्रज! यादवांच्या काळात! आणि वर लिहितोय, अत्यंत प्राचीन!”

मी ओरडत होतो. अहो, फसली! फसली सन आहे तो! निजामाच्या राज्यात शेतसाऱ्याच्या पावतीपासून मदरशाच्या हजेरीपर्यंत सगळीकडं फसली सनच चालतो. तिथं कुणी ‘फसली’ असं वेगळं लिहीत नाही, जसं तुम्ही पुण्यात ‘इसवी’ लिहीत बसत नाही. त्यात पाचशे नव्वद मिळवा, तुमचं १८४७ येईल. शंभर वर्षंसुद्धा झाली नाहीत. पणजोबांच्या वेळची गोष्ट आहे हो, पणजोबांच्या!

पण माझ्या अंगावर ‘फसली’ हा शब्द नव्हता. आणि पणजोबांना तर आम्हीच बाहेर काढलं होतं. मी काय ओरडणार कपाळ? कागद फडफडला असेल फार तर. त्यांनी माझ्यावर वजन ठेवलं.

त्यांचा अभिप्राय मला पाठ आहे, कारण तो माझ्याच समासात लिहिला, मास्तरांनी नियमाप्रमाणे मुद्दाम रुंद सोडलेल्या समासात. ‘लेखक चित्रांचा काळ सन १२५७ असा देतो. त्याच चित्रांत बंदूकधारी युरोपीय आहे! लेखकास कालगणना ठाऊक नाही, किंवा तो आपली थट्टा करीत आहे. अस्वीकार्य.’

संपादकांनी ते वाचलं. त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. “माणूस लिहितो बरा हो. एकदा पत्र टाकून विचारावं का?”

“निजामाच्या मुलखात पत्र कधी जायचं आणि उत्तर कधी यायचं!” त्यांचे सहायक म्हणाले. “अंक अडून राहील.”

“हं. परत करा मग.”

परत तरी वेळेवर गेलो असतो! मास्तरांनी ते वाचून एका दिवसात खुलासा लिहिला असता, तोच कागद वीरप्पांना दाखवून मुदत मागितली असती. पण कारकुनानं परतीचं पाकीट उचललं आणि तिकिटांवर बोट ठेवलं. “ही कुठली तिकिटं? ही इथं चालत नाहीत. निजामाची तिकिटं निजामाच्या हद्दीत.” मग मला एका कपाटावर ठेवण्यात आलं. चित्रांचे कागद जाड आणि मोठे, माझ्याबरोबर बसेनात, म्हणून ते दुसऱ्या कुठल्या गठ्ठ्यात गेले. जाताना मी बघत होतो. साहेब, हत्ती, मल्ल, कुत्रं. कुणावरही नाव नाही, गाव नाही.

कपाटावरून मला खिडकी दिसायची. बाहेर आषाढ सरत आला होता. तिकडं मुरूममध्ये आपले मास्तर पोस्टात खेपा घालत असतील हे मला इथं बसून कळत होतं. पत्रव्यवहार करू नये असा नियम होता, म्हणून त्यांनी एक कार्डसुद्धा टाकलं नसणार, हेही कळत होतं. सगळं कळायचं आणि हातात काही नाही. अशी अवस्था वैऱ्याच्या लेखावरही येऊ नये.

दसऱ्याच्या साफसफाईत त्या कारकुनाला माझी दया आली. त्यानं कचेरीची तिकिटं लावून मला पोस्टात टाकलं.

मी मुरूमला पोचलो तेव्हा मास्तर ओसरीवर बसले होते. खैरुनबीनं पाकीट आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते लगेच उघडलं नाही. उघडून करायचं तरी काय होतं? श्रावण होऊन गेला होता. नंतरच्या बोलण्यातून मला कळलं ते असं. वीरप्पांनी श्रावण लागेपर्यंत पंचांना थोपवून धरलं. स्वामी यायच्या आदल्या दिवशी ते स्वतः मास्तरांच्या दारात येऊन उभे राहिले.

“मास्तर, कागुद?”

“न्हाय आला, वीरप्पा.”

“मग म्या आता कुनाच्या तोंडाकडं बगू?”

दुसऱ्या दिवशी चुना लागला. दोन हात दिले, कारण एका हातात साहेबाची टोपी लपेना. सारजाबाई म्हणे त्या दिवशी मठाच्या बाहेर पायरीवर बसून राहिली. आत झाडायला या म्हटलं तर म्हणाली, “आता आत हायच कोन?”

शेवटी मास्तरांनी मला बाहेर काढलं. समासातला अभिप्राय वाचला आणि ते हसले. अगदी मनापासून हसले. “खैरुन, सुन! उन्होंने समझा, तेरवीं सदी का साहेब!” खैरुनबीला काही कळेना. मास्तर तिला समजावून सांगू लागले, सन, फसली, इसवी. मग त्यांनी पाकिटात पुन्हा पुन्हा हात घालून पाहिला. चित्रं नव्हती. पाकीट उलटं करून झटकलं.

“तस्वीरां?” खैरुनबीनं विचारलं.

मास्तरांनी रिकामं पाकीट तिच्यापुढं धरलं. पातळ कागदावरची मूळ रेखाटनं शाईनं उतरवताना दाबून दाबून फाटली होती, ती खैरुनबीनं चुलीला लावली होती. पक्की चित्रं आहेत ना, मग ती कशाला, असं मास्तरच तिला म्हणाले होते.

त्यांनी दौत ओढली आणि ‘सन’ व ‘१२५७’ यांच्या मध्ये, बारीक अक्षरात, ‘फसली’ असं लिहिलं.

“अब किस के वास्ते?” ती म्हणाली.

“गलत था,” मास्तर म्हणाले. एवढंच.

चित्रांसाठी त्यांनी पुण्याला पत्रं घातली, यावेळी नियम मोडून. एकदा उत्तर आलं, ‘शोध घेत आहोत.’ पुढं काही नाही.

त्यालाही आता काही वर्षं झाली. निजामाचं राज्य गेलं, ती सुंदर तिकिटं गेली, फसली सनही कचेऱ्यांतून उठत चालला. फौजा आल्या त्या धामधुमीच्या दिवसांत मास्तर खैरुनबीला घेऊन तिच्या भावाकडं हैदराबादला निघाले. निघताना त्यांनी मला गुरुलिंगांच्या हाती दिलं. मास्तर अजून परतलेले नाहीत. येतील की नाही हे मला माहीत नाही, मला कोण सांगणार?

गुरुलिंग मला पोथ्यांच्या फडताळात ठेवतात. कागद पिवळा पडलाय, एका कोपऱ्याला कसर लागलीय. कुणी शिकलेला पाहुणा आला की ते मला काढतात आणि मोठ्यानं वाचून दाखवतात. वाचतात छान. पाहुणाही रंगून ऐकतो.

वाचक हो, पुण्याकडं कुणाचं जाणं-येणं असेल तर एवढं करा. एखाद्या जुन्या गठ्ठ्यात जाड कागदावरची काळ्या शाईची बेवारशी चित्रं दिसली, तर रद्दीत घालू नका. ती माझी आहेत. त्यांच्यावर नाव नाही, कारण तसा नियम होता.

तोवर माझं हे असं चाललंय. गुरुलिंग वाचत वाचत दुसऱ्या पानावर येतात. ‘साहेबाच्या मुद्रेवरील भाव विशेष पाहण्यासारखा आहे. चित्र चौथे पाहावे.’ पाहुणा पुढं वाकतो, हात पुढं करतो, आणि वाट बघत माझ्याकडं पाहत राहतो. मी त्याला काय दाखवू?